मी खोडलेल्या चार ओळी

द्वारका चौकात रिक्षा अडकली होती. मांडीवर पेजेचा डबा होता आणि तो सांडू नये म्हणून मी तो दोन्ही हातांनी धरला होता. फोन वाजला तेव्हा एक हात सोडवून घ्यायलाही वेळ लागला. मिलिंद होता, शोभनाचा धाकटा भाऊ. म्हणाला, "ताई, कुठपर्यंत आलात?" मी म्हटलं, "द्वारकेला. दहा मिनिटांत पोचते, पेज गरम आहे अजून." त्याच्या मागे दवाखान्यातल्या ट्रॉलीची चाकं वाजत होती, ती ऐकू येत होती. मग म्हणाला, "सावकाश या ताई... आता घाई नाही." सिग्नल सुटला. रिक्षावाल्याने मागे वळून विचारलं, "मॅडम, सरळ घ्यायची ना?" मी डबा आणखी घट्ट धरला. मागच्या गाड्या हॉर्न वाजवायला लागल्या. पेज खरंच गरम होती. डब्याच्या बुडाचा चटका साडीतून मांडीला लागत होता.

याला आता सहा आठवडे झाले. शोभना गांगुर्डे, माझी एम.एस्सी.पासूनची मैत्रीण, नंतर एकाच सरकारी प्रयोगशाळेतली सहकारी, आणि कागदोपत्री माझ्या हाताखालची रासायनिक विश्लेषक. तिच्याबद्दल लिहा, असं वर्तमानपत्राच्या पुरवणीवाल्यांनी तिसऱ्याच दिवशी सांगितलं होतं. मी तीनदा लिहायला बसले. तिन्ही वेळा तिच्या हुशारीबद्दल, साधेपणाबद्दल दोन पानं झाली आणि मी ती फाडली. कारण त्यात ती गोष्ट नव्हती. आता मी निवृत्त आहे, कुणाची परवानगी लागत नाही, म्हणून ती गोष्टच लिहिते. प्रयोगशाळा, पोलीस ठाणं, कोर्ट यांची नावं देत नाही, आणि सोमा भोये व जनाबाई ही नावंही मी बदललेली आहेत. बाकी घडलं ते तसंच आहे.

शोभना एकलहऱ्याची. वडील, म्हणजे आण्णा, वीज केंद्रात कामाला. तिथल्याच वसाहतीत ती लहानाची मोठी झाली. आण्णा घरी आले की त्यांच्या शर्टाच्या वासावरून आज पाळी कोळशाकडे होती की राखेकडे, हे ती आईच्या आधी सांगायची. कॉलेजात आम्ही याची चेष्टा करायचो. प्रयोगशाळेत बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या झाकून आम्ही तिला ओळखायला लावायचो आणि ती ओळखायची. सर ओरडायचे, "गांगुर्डे, नाकाने रसायनशास्त्र करायचं नसतं!" तेही तिने मनावर घेतलं. नोकरीत आल्यावर नाकावर तिने कधीच काही लिहिलं नाही. नाकाला शंका आली की ती यंत्राकडे जायची, आणि यंत्राने सांगितलं तरी पुन्हा एकदा तपासायची.

आमच्या विभागात अमली पदार्थांचे नमुने यायचे. गांजाच सगळ्यात जास्त. लाखेची मोहोर लावलेली पुडी यायची, सोबत पत्र, आणि पत्रात एकच प्रश्न असायचा: हा गांजा आहे का? त्याचं उत्तर देण्याची पद्धत ठरलेली होती. आम्ही पुडी उघडायचो, सूक्ष्मदर्शकाखाली बघायचो, ठरलेल्या चाचण्या करायचो आणि लिहायचो, आहे किंवा नाही. शोभनाला मात्र या झाडाच्या वासात रस होता. गांजाला जो वास येतो तो काही नशा आणणाऱ्या द्रव्याचा नसतो. तो पंचवीस-तीस वेगळ्याच गंधद्रव्यांचा असतो. त्यातली पुष्कळशी आपल्या घरात असतात. एक लिंबाच्या सालीत, एक मिरीत, एक आंब्यात. ती मोजायची कशी, हे तिने स्वतः बसवलं. चिमूटभर नमुना काचेच्या कुपीत घालायचा, रबरी झाकण घट्ट बसवायचं आणि कुपी ठरावीक वेळ गरम करायची. वास सुटतो आणि वरच्या मोकळ्या जागेत साठतो. मग नमुन्याला हात न लावता सुईने फक्त ती हवा ओढून घ्यायची आणि यंत्रात सोडायची. यंत्रात केसासारख्या बारीक नळीचं लांबलचक वेटोळं असतं. त्यातून हलकी द्रव्यं आधी बाहेर पडतात, जड मागाहून, आणि पडद्यावर एकेकाचं शिखर उमटत जातं. पहिल्यांदा तिने मला हे दाखवलं ते तिच्या अंगणातल्या तुळशीवर. शिखरं उमटायला लागली तशी ती माझ्या खांद्यावर थापटत म्हणाली, "बघ माधुरी, वासाला सही असते!"

सोमा भोयेची पुडी आली ती दिवाळीच्या पुढेमागे. सुरगाण्याकडच्या एका पाड्यावरचा माणूस. पंचनाम्यात लिहिलं होतं की नागलीच्या, म्हणजे नाचणीच्या, शेतात गांजाची हिरवी झाडं उभी सापडली, ती उपटली, शेंडे खुडून नमुना बांधला. आमच्याकडे पुडी आली तोवर त्याला दहा दिवस झाले होते. मी माझ्या टेबलावर होते. शोभना दारात आली, हातात पुडी, चेहरा विचित्र. "जरा ये," म्हणाली. मी गेले. तिने पुडीचं तोंड माझ्यापुढे धरलं. मला नेहमीचाच गांजाचा वास आला. ती म्हणाली, "हिरव्या झाडाला असा वास नसतो गं. हिरव्याला टोचतं नाकात, कैरी सोलल्यासारखं. हा बघ, जुन्या पेंढ्यासारखा येतोय." मी म्हटलं, "दहा दिवसांत वाळला असेल." ती म्हणाली, "असेलही. बघते." दोन दिवस तिने तो नमुना यंत्रावर चालवला, पुन्हा पुन्हा. मग आलेख घेऊन आली. ताज्या झाडात जी शिखरं सगळ्यात उंच असतात, ती हलकी द्रव्यं, जवळजवळ नव्हतीच. उलट माल महिनोन् महिने पडून राहिला, त्याला हवा लागत राहिली, की जी द्रव्यं तयार होतात, ती शिखरं उंच उभी होती. "हा माल त्या शेतात उभा नव्हता," ती म्हणाली. "कुठल्या तरी पोत्यात होता. वर्षभर तरी."

तिने अहवाल लिहिला. गांजा आहे, असं लिहिलं, कारण तो होताच. आणि त्याखाली चार ओळींचा एक परिच्छेद घातला.

तो परिच्छेद मी खोडला. लाल पेनाने, एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत तिरकी रेघ मारून. मी तिला जी कारणं दिली ती आजही मला पाठ आहेत. आपल्याला विचारलंय तेवढंच आपण सांगायचं. ही पद्धत मंजूर नाही, कुठल्या पुस्तकात नाही. उद्या एखादा वकील उभा राहील आणि विचारेल की बाई, असे तुम्ही किती नमुने तपासलेत, तेव्हा काय सांगशील? एका अहवालावर शंका आली की आपल्या शंभर अहवालांवर येईल. हे सगळं मी बोलले आणि ते सगळं खोटं नव्हतं. जे बोलले नाही ते असं, की त्याच महिन्यात माझ्या बढतीची फाइल मुंबईला गेलेली होती आणि पोलीस खात्याशी कुरबूर झाल्याचा एखादा शेरा मला तेव्हा नको होता. शोभना टेबलाच्या पलीकडे उभी होती. म्हणाली, "मी खोडणार नाही. तुला खोडायचं तर तू खोड." मी खोडलं. नवा अहवाल टाइप होऊन आला. तो तिने दोनदा वाचला. "उरलंय ते खरं आहे," म्हणाली आणि सही केली. तिच्याखाली मी केली. लाल रेघेचा कागद मी संध्याकाळी फाडून टाकला.

पुढे तिला साक्षीला बोलावणं आलं. मी सोबत गेले, नोंदवह्या घेऊन, शेवटच्या बाकावर बसले. सोमा आरोपीच्या पिंजऱ्यात उभा होता. चाळिशीचा, काटकुळा, अंगात कुणाचा तरी मोठा शर्ट. सरकारी वकिलांनी विचारलं, "आपण तपासलेला नमुना गांजाचाच होता?" शोभना म्हणाली, "होय." "याबद्दल आपल्याला काही शंका?" "गांजा असण्याबद्दल नाही." सोमाला सरकारनेच दिलेले वकील होते, दिवसभरात चार कोर्टांत पळणारे. ते अर्धवट उठले, म्हणाले, "प्रश्न नाहीत," आणि बसले. शोभना तिथून हलली नाही. "साहेब, मला अजून एक सांगायचं आहे." न्यायाधीश वाईट माणूस नव्हते. त्यांनी मान वर केली आणि विचारलं, "तुमच्या अहवालात आहे का ते?" तिने वळून माझ्याकडे बघितलं... संपूर्ण कोर्टात फक्त माझ्याकडे. मी मांडीवरची नोंदवही उघडली आणि त्यात काहीतरी शोधायला लागले. "नाही साहेब," मला तिचा आवाज ऐकू आला. "मग विचारलंय तेवढंच, बाई. या तुम्ही." ती खाली उतरली. पिंजऱ्याजवळून जाताना सोमाने तिला हात जोडले. त्याला वाटलं असावं, एवढ्या शिकलेल्या बाई आल्यात, काहीतरी आपल्या बाजूचं बोलल्या असतील.

लागवडीचा गुन्हा शाबीत झाला. दहा वर्षं.

निकालाच्या दिवशी शोभना रजा टाकून गेली होती, मला न सांगता. तिथे कोर्टाच्या आवारात तिला जनाबाई भेटली, सोमाची बायको. पायात चप्पल नाही, कडेवर कुणाची तरी पोर. तिने शोभनाला ओळखलं आणि विचारलं, "बाई, तुमी त्या पुडीत काय बघितलं?" शोभनाने तिला तिथेच पायरीवर बसून सगळं सांगितलं. कुपी, वास, यंत्र, जुना माल, सगळं. जनाबाई म्हणाली, "आमच्या शेतात नागली होती, नागली. दुसरं काय नाय. तुमाला कळलं ना ते? मंग सांगितलं का नाय?" हे मला शोभनाने दुसऱ्या दिवशी डबा खाताना सांगितलं. सांगितलं आणि डबा बंद केला. "खरं लिहून माणूस आत टाकता येतो, हे मला माहीत नव्हतं," एवढंच म्हणाली.

त्यानंतरची सहा वर्षं तिने या एका गोष्टीत घातली. कोर्टाला पत्र लिहिलं की तो नमुना जपून ठेवावा, त्याची पुन्हा तपासणी व्हायला हवी. उत्तर आलं, एका ओळीचं: निकालानंतर मुद्देमाल नियमाप्रमाणे नष्ट करण्यात आला आहे. ते पत्र तिने आवक-जावक टेबलापाशी उभ्या उभ्या वाचलं आणि तिथल्याच खुर्चीवर बसली. चपराशाने पाणी आणलं. तिने ते घेतलं नाही. म्हणजे आता पुडी नाही, परिच्छेद नाही, उरला एक आलेख. आणि आलेखाला कोणी विचारणार की हे तुमच्या पद्धतीने काढलेलं, तुमची पद्धत कोणी मान्य केली? मग तिने पद्धत सिद्ध करायला घेतली. हिरवी झाडं मिळेनात तेव्हा गवती चहा, मिरी, लिंबाच्या साली घेऊन किती दिवसांत कुठलं द्रव्य उडतं याच्या नोंदी केल्या. हिरव्या झाडांच्या परवानगीसाठी अर्ज केले. त्यातले तीन माझ्या टेबलावरून गेले. मी ते अडवले नाहीत, पण मागेही लागले नाही. तिसऱ्या वर्षी परवानगी आली, एका छाप्यातली हिरवी झाडं मिळाली, आणि ती अक्षरशः वेडी झाली. कागदी पाकीट, प्लास्टिकची पिशवी, कापडात गुंडाळून लाख लावलेली पुडी, असे सगळे प्रकार तिने केले. काही कपाटात ठेवले, काही गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत, पोलीस ठाण्याची मुद्देमालाची खोली तापते तसं व्हावं म्हणून. दर चार दिवसांनी चिमूट काढायची, कुपी गरम करायची, आलेख काढायचा, आणि ते आलेख पारदर्शक कागदावर उतरवून एकावर एक धरून खिडकीच्या उजेडात बघायची.

पंधरवड्याने ती माझ्याकडे आली ती पडल्या चेहऱ्याने. पत्र्याखालच्या पुड्यांमधली हलकी द्रव्यं दहा-बारा दिवसांतच उडून गेली होती. म्हणजे सोमाच्या पुडीत ती नव्हती, यावरून काहीच सिद्ध होत नव्हतं. मला, खरं सांगते, सुटल्यासारखं वाटलं. मी म्हटलं, "बघ, मी तुला तेव्हा म्हणत होते." ती म्हणाली, "हो. तू म्हणत होतीस. त्यातलं अर्धं माझं चुकलंच होतं." भांडली असती तर बरं झालं असतं. पण दुसरं अर्धं ती सोडायला तयार नव्हती. तिने त्याच पुड्या पुढे वर्षभर ठेवल्या. आणि जुनेपणाची ती द्रव्यं, सोमाच्या पुडीत जी एवढी उंच होती, ती एवढी वाढायला पत्र्याखालीसुद्धा आठ-नऊ महिने लागले. दहा दिवसांत तर त्यांचा मागमूसही नव्हता. आता तिच्याकडे उत्तर होतं.

हायकोर्टात सोमाचं अपील पडून होतं. तिथेही सरकारनेच दिलेल्या वकील होत्या, तरुण, कामसू मुलगी. शोभनाने तिला फोन लावला, स्पीकरवर टाकला. मी समोर बसले होते. वकील बाईंनी सगळं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "मॅडम, हे सगळं निकालानंतरचं आहे. नमुनाही उरलेला नाही. तुमच्या मूळ अहवालात याबद्दल काही म्हटलंय का? एक ओळ जरी असती ना, शंका व्यक्त केलेली, तरी त्या एका ओळीवर मी उभी राहिले असते." शोभना फोनकडे बघत होती. माझ्याकडे बघत नव्हती. "नाही," ती म्हणाली, "अहवालात तसं काही नाही." फोन बंद झाला. पंखा फिरत होता, टेबलावरचे कागद फडफडत होते आणि ती एकेक कागद सरळ करून त्यावर वजन ठेवत होती. मी तेव्हा बोलायला हवं होतं. तेव्हा मी नोकरीत होते, निवृत्तीला एक वर्ष होतं... मी चहा मागवला.

जनाबाई दर भेटीच्या दिवशी पाड्यावरून नाशिकरोडच्या तुरुंगात यायची, नवऱ्याला बघायची आणि मग शोभनाकडे जायची. दोघी काय बोलायच्या मला माहीत नाही. एकदा मी अचानक गेले तर दोघी जमिनीवर बसून नागलीची भाकरी खात होत्या. जनाबाईने मला बघून पदर सावरला आणि भाकरीचा तुकडा पुढे केला. मी जेवून आलेय म्हटलं. जेवले नव्हते.

मग शोभनाचं पोट दुखायला लागलं. स्वादुपिंडाचा कॅन्सर निघाला, तोही पसरलेला. डॉक्टरांनी मिलिंदला बाजूला घेऊन सांगितलं, पण ती रिपोर्ट स्वतः वाचू शकत होती, तिच्यापासून काय लपवणार? पाच महिने गेले. औषधाच्या प्रत्येक फेरीनंतर ती थोडी कमी झालेली दिसायची. मी रोज जायची, पेज न्यायची. तिचा लेख एका शास्त्रीय नियतकालिकाने परत पाठवला होता, नमुन्यांची संख्या फार कमी आहे म्हणून. तो दवाखान्यात उशाशी ठेवून ती दुरुस्त करत होती. मग तेही थांबलं.

गेली त्याच्या आदल्या दिवशी दुपारी आम्ही दोघीच होतो. ती डोळे मिटून पडली होती. मला वाटलं झोप लागली. तेवढ्यात म्हणाली, "माधुरी, त्या चार ओळी तुला आठवतात?"

मी म्हटलं, "कुठल्या गं?"

मला त्या शब्दन् शब्द आठवत होत्या. इतक्या वर्षांत असा एक आठवडा गेला नव्हता.

"मला आठवतात," ती म्हणाली, आणि मध्ये मध्ये थांबत, श्वास घेत, तिने त्या म्हटल्या. अहवालाच्या भाषेत, जशाच्या तशा. "नमुन्यात ताज्या वनस्पतीत अपेक्षित असलेली हलकी गंधद्रव्ये जवळजवळ आढळली नाहीत. साठवलेल्या जुन्या मालात तयार होणारी द्रव्ये मात्र मोठ्या प्रमाणात आढळली. त्यामुळे सदर नमुना पंचनाम्यात नमूद केलेल्या दिवशी उपटलेल्या हिरव्या झाडांचा असल्याबद्दल शंका आहे. या मुद्द्यावर अधिक तपासणी व्हावी." "पहिली ओळ आज मी घातली नसती," म्हणाली. "तू अगदीच चुकीची नव्हतीस गं तेव्हा." मी उठले, तिच्या पायांवरची चादर सारखी केली. ती आधीच सारखी होती. पाणी हवं का विचारलं. नको म्हणाली. ते आमचं शेवटचं बोलणं.

पुण्यानुमोदनाला एकलहऱ्याच्या वसाहतीतली जुनी माणसं आली होती, प्रयोगशाळेतले सगळे आले होते. पांढऱ्या कपड्यांतल्या त्या गर्दीत जनाबाई दाराजवळ भिंतीला टेकून बसली होती. बुद्धवंदना झाली, लोक एकेक करून शोभनाबद्दल बोलले. मला बोलायला सांगितलं तेव्हा मी हात हलवून नाही म्हटलं. नंतर अंगणात जनाबाई माझ्याजवळ आली. "बाई, आता मी कोनाकडं जाऊ?" म्हणाली. रडत नव्हती. रस्ता विचारावा तसं विचारत होती. आणि मग मला ते पोटात ठेवता येईना. मी तिला सांगितलं. तिथेच, चपलांच्या ढिगाजवळ उभं राहून. शोभनाने लिहिलं होतं, पहिल्याच अहवालात लिहिलं होतं, आणि ते मी खोडलं. ते लिहिलेलं राहिलं असतं तर तुझ्या नवऱ्याच्या वकिलाला काहीतरी हातात मिळालं असतं. माझ्यामुळे मिळालं नाही.

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. ती अंगावर येईल, शिव्या देईल असं मला वाटलं, आणि तसं झालं तर बरं, असंही वाटलं. ती म्हणाली, "मी त्यांना लय वेळा इचारलं, बाई, तुमी लिवलं का नाय. त्या म्हनायच्या, माझंच चुकलं." थोड्या वेळाने म्हणाली, "तुमचं नाव कंदी नाय घेतलं त्यांनी." आणि चप्पल शोधायला लागली.

गेल्या आठवड्यात मी प्रतिज्ञापत्र करून त्या वकील बाईंकडे पाठवलं. त्यांनी फोन केला. म्हणाल्या, प्रयत्न करते. पण मूळ कागद नाही, लिहिणारी व्यक्ती हयात नाही, आणि निवृत्त अधिकाऱ्याला इतक्या वर्षांनी आठवलं, असं समोरचे म्हणतील. "तुम्ही हे दोन वर्षांपूर्वी सांगितलं असतं, त्या फोनच्या वेळी, तर मॅडम स्वतः कोर्टात येऊ शकल्या असत्या," त्या म्हणाल्या. रागाने नाही म्हणाल्या. सोमा अजून आत आहे. त्याला खोकला लागलाय असं जनाबाईने मिलिंदला सांगितलं. मला ती फोन करत नाही.

परवा मिलिंदने शोभनाचं घर आवरायला बोलावलं. पुस्तकं, कपडे त्याने बांधलेच होते. स्वयंपाकघर तेवढं माझ्यावर सोपवलं. फळीवर डबे ओळीने होते. प्रत्येकावर पांढऱ्या कागदाची पट्टी, तिच्या बारीक, सरळ अक्षरात: पदार्थ, कधी उघडला, आणि त्याखाली महिन्या-दोन महिन्यांच्या अंतराने एकेक नोंद. वास तीव्र. वास मध्यम. वास मंद, बदलावे. घरच्या डब्यांवरही ती अशा नोंदी ठेवत होती, हे मला माहीत नव्हतं. तिच्या ओट्यापर्यंत मी कधी गेलेच नव्हते, नेहमी बाहेर खुर्चीवर बसून चहा घ्यायची. ओव्याच्या डब्यावर शेवटची नोंद दवाखान्याच्या दिवसांतली होती, अक्षर वाकडं झालेलं. "वास येत नाही," असं लिहिलेलं. आणि पुढे, जागा उरली नाही म्हणून पट्टीच्या कडेवरून खाली वळवत नेलेलं: "दोष ओव्यात नसावा. तपासणारीच्या नाकात आहे. औषधामुळे."

मी झाकण काढलं. ओव्याचा वास थेट डोळ्यांत गेला. ओवा अगदी चांगला होता.